स्टड निघतील, भोकं राहतील

वाचकांचं पत्र: ‘आम्ही मिनेसोटात, डलुथजवळ राहतो. या नोव्हेंबरात जुनी स्नोमोबिल (बर्फावर धावणारी गाडी) घेतली. ६०० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, १३७ इंची ट्रॅक (गाडीला पुढे ढकलणारा फिरता रबरी पट्टा), त्यावर सव्वा इंच उंचीचे लग (रबरी उंचवटे), मधल्या भागात नटबोल्टने बसवलेले ९६ स्टड (बर्फात रुतणारे धातूचे टोकदार खिळे). घराजवळून जाणारा मंगर ट्रेल डांबरी आहे, त्यावर स्टड चालत नाहीत असं कळलं. एक मित्र म्हणतो, सगळे काढून टाक, ट्रॅक फाटतो त्यांनी. दुसरा म्हणतो, निम्मे काढ, निम्मे ठेव. आम्ही जास्त करून नॉर्थ शोर ट्रेलवर जाणार आणि शनिवार-रविवारी गोठलेल्या तळ्यावर मासेमारीला. शिवाय गराजच्या फरशीला आत्ताच ओरखडे पडलेत. काय करावं?’

स.न.वि.वि.

आधी उत्तर देतो, मग कारणं. तुम्ही तळ्यावर जाणार असाल तर या हिवाळ्यात स्टड काढू नका. मंगर ट्रेलवर गाडी चालवू नका, ती ट्रेलरवर घालून कच्च्या वाटेच्या तोंडापर्यंत न्या. आणि निम्मे काढण्याचा सल्ला तर अजिबात ऐकू नका, तीन पर्यायांत तो सगळ्यात वाईट आहे.

कायद्याचं आधी उरकतो, कारण तिथे वादाला जागा नाही. मिनेसोटात सार्वजनिक डांबरी ट्रेलवर धातूचे स्टड लावलेली स्नोमोबिल चालवायला मनाई आहे. त्या वाटेवर अधिकार असलेल्या स्थानिक संस्थेने वेगळी परवानगी दिली असेल तेवढाच अपवाद. हिंक्लीहून डलुथला येणारा विलर्ड मंगर ट्रेल डांबरी असल्याने तो या नियमात बसतो. डलुथहून ग्रँड मरेपर्यंत जाणारा नॉर्थ शोर ट्रेल १४६ मैलांचा आणि जंगलातला कच्चा आहे, तिथे स्टडची अडचण नाही. फसगत होते ती मिश्र वाटांवर. ग्रँड रॅपिड्सहून ईलीला जाणाऱ्या टॅकोनाइट ट्रेलचे ग्रँड रॅपिड्सकडचे पहिले सहा मैल डांबरी आहेत, पुढचे दीडशेहून जास्त मैल कच्चे. म्हणजे तिथे जायचं तर डांबर संपतं तिथेच गाडी उतरवायला हवी. वाटेवर फूटभर बर्फ साचलेला असला तरी नियम बदलत नाही, कारण वळणावर आणि चौकात बर्फ सर्वांत आधी उडतो आणि स्टड थेट डांबराला भिडतात. त्यात डांबर खरवडतं आणि तुमच्या स्टडची कार्बाइडची, म्हणजे अतिशय कठीण पदार्थाची, टोकंही बोथट होतात.

आता खरा प्रश्न. स्टड काढायचे की नाही हे ठरवताना लोक पकडीचा विचार वेग घेण्याच्या दृष्टीने करतात. आमच्या मते स्टडचं मोठं काम ब्रेकिंगचं आहे. भुसभुशीत बर्फात रबरी लग फावड्यासारखे बर्फ ढकलतात आणि तिथे स्टडला फारसं काम नसतं. तळ्याच्या काचेसारख्या बर्फावर लगला धरायला काहीच मिळत नाही. ब्रेक दाबला की ट्रॅक थांबतो आणि गाडी तशीच घसरत पुढे जाते. मार्चमध्ये दिवसा वितळून रात्री गोठलेल्या ट्रेलच्या वळणांवरही हेच होतं. मासेमारीच्या तळ्यावर माणसं, झोपड्या, ट्रक आणि बर्फात पाडलेली भोकं असतात. अशा जागी थांबता न येणं हा फार मोठा धोका आहे. तळ्यावर जाण्याचा बेत नसता आणि सगळी सवारी जंगलातल्या मऊ, रोज सपाट केलेल्या ट्रेलवर असती, तर आम्ही बिनस्टड ट्रॅक चालेल असं म्हटलं असतं.

तळ्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट जोडतो. स्नोमोबिलसाठी नवा, पारदर्शक बर्फ किमान ५ इंच जाड हवा, पांढरट असेल तर दुप्पट धरायचा. डलुथच्या उत्तरेची आयलंड लेक आणि फिश लेक ही जलविद्युतीची धरणं आहेत. हिवाळ्यात पाणी सोडलं की पातळी उतरते आणि काठालगतच्या बर्फाखाली पोकळी तयार होते. स्टडने पकड मिळते, बर्फाची जाडी मिळत नाही. बर्फात भोक पाडून स्वतः मोजा.

पहिल्या मित्राच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. स्टड ट्रॅक फाडू शकतात. पण ते का फाडतात हे समजलं की काय तपासायचं ते आपोआप कळतं. स्टडचं चपटं डोकं ट्रॅकच्या आतल्या बाजूला असतं. त्याची दांडी रबर आणि कापडाच्या थरांतून बाहेर येते, बाहेर तिच्यावर बॅकर प्लेट, म्हणजे आधाराची चकती, बसते आणि वरून नट. टोक बर्फात रुतलं की इंजिन त्याला मागे खेचतं आणि स्टड तरफेसारखा भोकाच्या कडेवर कलतो. टोक जितकं उंच तितकी तरफ लांब. म्हणूनच लगच्या माथ्यापेक्षा पाव ते ३/८ इंच, म्हणजे साधारण ६ ते साडेनऊ मिलिमीटर, इतकंच टोक वर असावं. तुमचे लग सव्वा इंचाचे आहेत. पट्टी घेऊन दहा-बारा स्टड मोजा. आधीच्या मालकाने हौसेने लांब स्टड बसवले असतील तर ते ट्रॅक फाडणार, आणि तेवढ्या कारणासाठी ते काढून बेताच्या लांबीचे घालणं हा रास्त खर्च आहे.

दुसरं कारण सैलपणा. नट बरोबर कसलेला असेल तर स्टडचं डोकं आतल्या रबराशी अगदी सपाट बसतं. ते रबरावर उठून दिसत असेल तर नट सैल आहे. डोकं खोल रुतून भोवती रबर फुगलं असेल तर तो प्रमाणाबाहेर आवळला गेलाय आणि आतले धागे तुटत असतील. नव्या स्टडचे नट पहिल्या ५० मैलांनंतर पुन्हा तपासायचे असतात. बहुतेक जण ते करत नाहीत, आणि मग फाटलेल्या ट्रॅकचा दोष स्टडवर येतो.

यातूनच निम्मे स्टड काढणं का चुकतं ते कळेल. तुमच्या ट्रॅकचं पिच, म्हणजे एका खणाची लांबी, बहुधा २.८६ इंच असेल, म्हणजे १३७ इंचांत ४८ खण, आणि ९६ स्टड म्हणजे दर खणात दोन. इंजिन सव्वाशे अश्वशक्तीच्या आसपासचं. तीच ताकद ४८ स्टडवर आली की प्रत्येकावरचा भार दुप्पट होतो आणि जे वाचवायला निघालात तेच फाटतं. दुसरं असं की स्टड ठरावीक नक्षीत बसवलेले असतात. प्रत्येक खणातले दोन थोडे थोडे बाजूला सरकवलेले, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या टोकांना नवा बर्फ मिळावा. मनाला येईल तसे काढले की उरलेले एकाच रेघेतून फिरतात. पुढच्याने खोदलेल्या खाचेतून मागचा जातो, वजन तेवढंच राहतं आणि पकड मिळत नाही. मोडलेला किंवा फाटलेल्या भोकातला एखाददुसरा स्टड काढणं ही वेगळी गोष्ट आहे. तो काढाच.

स्की (गाडीच्या पुढच्या दोन घसरपट्ट्या) आणि ट्रॅक यांचं नातं लोक सर्वाधिक विसरतात, म्हणून इथे जरा थांबतो. प्रत्येक स्कीखाली एक रनर असतो, त्यात कार्बाइडची धार बसवलेली असते. ती धार बर्फ कापते म्हणून गाडी वळते. मागे ९६ स्टड असतील तर ट्रॅक गाडीला सरळ ढकलत राहतो आणि त्याच्या तोडीची धार पुढे लागते. ढोबळ हिशेब असा: बिनस्टड ट्रॅकला दर स्कीखाली ४ इंच कार्बाइड, ९६ स्टडला ६ इंच किंवा थोडं जास्त. आता तोल बिघडण्याचे दोन प्रकार पाहा. मागे स्टड धारदार आणि पुढे रनर झिजलेले असले तर हँडल वळवूनही गाडी सरळच जाते. तुमची गाडी वळणावर बाहेर जात असेल तर आधी रनर बघा, बिचारे स्टड उगाच बदनाम होतात. उलट प्रकार जास्त वाईट: स्टड काढले पण आक्रमक रनर तसेच ठेवले. मग पुढचा भाग खिळल्यासारखा वळतो आणि मागचा सुटून फिरतो. गोठलेल्या वळणावर गाडी स्वतःभोवती गरकन फिरते. तेव्हा जो कोणी स्टड काढेल त्याने त्याच दिवशी रनरही सौम्य करायचे, पुढच्या रविवारवर ढकलायचं नाही.

आता तुमची गाडी जुनी आहे म्हणून हे आजच करा. मागची बाजू स्टँडवर उचला, इंजिन बंद, किल्ली खिशात. ट्रॅक हाताने फिरवत टॉर्चने टनेलच्या आत, म्हणजे ट्रॅकच्या वरच्या ॲल्युमिनियमच्या छताकडे बघा. तिथे कूलर असतात आणि इंजिनचं पाणी त्यांतून फिरतं. स्टड लावलेल्या गाडीत त्यांच्या खाली संरक्षक पट्ट्या हव्यात. पट्ट्या नसतील, किंवा छतावर चकचकीत सरळ ओरखडे दिसत असतील, तर स्टड घासतायत. कारण एक तर स्टड लांब आहेत, नाहीतर ट्रॅक ढिला आहे आणि वेगात फडफडून वर आपटतोय. ट्रॅकचा ताण गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या वजनाने आणि झोळाच्या मापाने तपासा. प्रत्येक मॉडेलचा आकडा वेगळा असतो, त्यामुळे दुसऱ्याचं माप वापरू नका. त्या पाण्याची, म्हणजे कूलंटची, पातळी कमी असेल किंवा टनेलमध्ये रंगीत ओघळ दिसत असेल तर गाडी तशीच उभी राहू द्या. कूलर फुटला की जंगलात तीस मैलांवर इंजिन तापून बसेल.

ट्रॅक फिरवतानाच प्रत्येक खण हाताने थोडा वाकवून पाहा. रबरात आडव्या फायबरग्लासच्या कांड्या असतात. एखादी तुटली असेल तर तो खण लेचापेचा लागतो, कधी कांडीचं टोक बाहेर येतं. तीन-चार कांड्या गेल्या असतील, लगचे तळ चिरले असतील, भोकं लांबट झाली असतील, तर स्टड ठेवावेत की काढावेत हा प्रश्नच उरत नाही. तो ट्रॅक संपलाय.

आणि मंगर ट्रेल घराच्या दारात आहे, त्यावरून जाण्याची सोय हवीच, असं तुमचं मन म्हणत असेल तर? तरीही या ट्रॅकचे स्टड काढण्यापेक्षा बिनस्टडचा, भोकं नसलेला वेगळा ट्रॅक घ्यावा असं आम्हाला वाटतं. काहीशे डॉलर जातील. बदलायला चेनकेस (साखळीची बंद पेटी) उघडून तेल काढावं लागतं, ड्राइव्हशाफ्ट (ट्रॅक फिरवणारा दांडा) सोडवावा लागतो, सस्पेन्शन खाली उतरवावं लागतं. सवयीच्या माणसाला अर्धा दिवस, पहिल्यांदा करणाऱ्याला पूर्ण. पण दोन्ही ट्रॅक शाबूत राहतात आणि स्टडचा ट्रॅक तळ्यासाठी कधीही परत चढवता येतो.

स्टड काढण्याचं खरं नुकसान भोकांत आहे. दर भोक सुमारे ७ मिलिमीटरचं, अशी ९६. स्टड असताना बॅकर प्लेट आणि डोकं मिळून भोकाच्या कडा दाबून धरतात. काढल्यावर कापडाचे कापलेले धागे उघडे पडतात, त्यांत पाणी शोषलं जातं, ते गोठतं, फुगतं आणि थर हळूहळू सुटू लागतात. लगेच काही होत नाही. बरेच ट्रॅक असे भोकांसकट काही हिवाळे चालतात. पण ती वाट परतीची नाही. भोकं सिलिकोनने किंवा रबरी बुचांनी बुजवण्याचा खटाटोप करू नका, ट्रॅक दर सेकंदाला अनेकदा वाकतो आणि ते सगळं पहिल्याच दिवशी वाटेत गळून पडतं.

तरीही काढायचेच ठरलं तर पद्धत अशी. गाडी उबदार गराजमध्ये रात्रभर ठेवा. साचलेला बर्फ वितळू द्या, रबर मऊ होऊ द्या. स्कींची टोकं भिंतीला टेकवा, मागचा भाग स्टँडवर घ्या. इंजिन चालू करून ट्रॅक फिरवायचा मोह टाळा, स्टड लावलेला फिरता ट्रॅक हात कापतो आणि सुटलेला स्टड बंदुकीच्या गोळीसारखा मागे उडतो. एका खणावर खडूने खूण करा आणि तिथून खणामागून खण पुढे चला.

खोल सॉकेट स्टडवरून घालून नट सोडवा. पहिले पाच-सहा सहज निघतील. मग एखादा असा भेटेल की नटाबरोबर स्टडही गरगर फिरतो, कारण आत चपट्या डोक्याला धरायला काही नाही. अशा वेळी सॉकेट बाजूला ठेवा. नटाला रिंग पाना लावा आणि वर आलेल्या दांडीला लॉकिंग पक्कड, कार्बाइडच्या टोकाच्या खाली. टोकावर पक्कड लावली किंवा हातोडी मारली तर कार्बाइड काचेसारखं तडकतं, डोळ्यांवर चष्मा असू द्या. गंजलेल्या नटावर तेलाचा एखादाच थेंब टाका आणि लगेच पुसा, खनिज तेलाने रबर फुगतं. गॅसची ज्योत तर जवळही नको. अगदीच हटून बसला तर नट ग्राइंडरने बाजूने कापा, खाली ओलं फडकं धरा आणि दोन सेकंदांहून जास्त एकाच जागी थांबू नका.

नट आणि प्लेट निघाली की स्टड बोटाने आत ढकला. इथेच सर्वांत महागडी चूक होते. स्टड आत, सस्पेन्शनच्या रुळांमध्ये पडतो आणि कुठेतरी अडकून बसतो. पहिल्याच सवारीत ट्रॅक त्याला उचलून कूलरमध्ये खुपसतो. म्हणून मोजणी: ९६ सोडवले तर डब्यात ९६ दिसलेच पाहिजेत. ९५ असतील तर गाडी स्टँडवरून उतरवायची नाही. लांब दांडीचं चुंबक स्टड शोधायला उपयोगी पडतं. ॲल्युमिनियमच्या प्लेटा चुंबकाला चिकटत नाहीत, पण त्या बाहेरच्या बाजूने जमिनीवर पडतात, झाडून वेचता येतात. पूर्ण काम दोन-तीन तासांचं.

नंतर भोकं धुऊन वाळवा आणि प्रत्येक पाहा. गोल आणि घट्ट असेल तर ठीक. लांबट झालेलं किंवा धागे लोंबणारं भोक खडूने खूण करून ठेवा, पुढे कधी स्टड परत बसवलेच तर त्या भोकात बसवू नका. ट्रॅकचा ताण पुन्हा तपासा. टनेलमधल्या संरक्षक पट्ट्या राहू द्या, त्यांचा त्रास काही नाही. रनर बदला. मग मोकळ्या जागी, माणसांपासून दूर, कमी वेगात ब्रेक मारून किती अंतरावर थांबता ते पाहा. ते आधीपेक्षा बरंच जास्त असेल, हाताला आणि डोळ्याला त्याची सवय होऊ द्या.

गराजच्या फरशीसाठी मात्र स्टड काढायची काहीच गरज नाही. ट्रॅकच्या जागेखाली जाड रबरी मॅट किंवा प्लायवूडचा तुकडा टाका, ट्रेलरच्या फळ्यांवरही तेच. स्कींच्या रनरसाठी प्लास्टिकच्या पट्ट्या मिळतात. गाडी आत घेताना थ्रॉटल न देता ढकलत घ्या, ओरखडे मुख्यतः थ्रॉटलच्या झटक्याने पडतात. रस्ता ओलांडतानाही तेच: आधी पूर्ण थांबा, मग सरळ रेषेत, सावकाश आणि एका दमात पलीकडे. डांबरावर वळण घेऊ नका.

ट्रेल १ डिसेंबरला उघडतात. त्याआधी पट्टी आणि टॉर्च घेऊन तासभर त्या गाडीखाली घालवा. टोकाची उंची, आतली डोकी, टनेलचे ओरखडे आणि रनरची धार, या चार गोष्टी काय निघाल्या ते कळवा. टोकं ३/८ इंचाहून वर निघाली तर कोणत्या लांबीचे स्टड घ्यायचे ते तुमच्या लगच्या मापावरून सांगू.